मास्क घातल्यावर ‘गुदमरतं’ म्हणजे नक्की काय होतं? कापडी, सर्जिकल, एन९५: तासनतास वापरणाऱ्यांनी लिहा

चंद्रभागा

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स. अकरा वर्षं टीबी वॉर्डात काढली, त्यातली शेवटची चार औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या खोल्यांमध्ये. २०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातली मास्कची सक्ती उठली आणि बहुतेकांच्या खिशातून मास्क गेला. आमच्या तोंडावरचा तसाच राहिला, कारण तो करोनाच्या आधीही होता.

धागा काढायचं कारण माझी भाची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन यंदाच एका रुग्णालयात लागली. परवा घरी आली तर नाकाच्या हाडावर काळपट वळ आणि कानामागे सोललेलं. जेवताना म्हणाली, “मावशी, दोन तास झाले की डोकं ठणकायला लागतं. जीव घुसमटतो. मग मी मास्क नाकाखाली घेते. सिनिअर म्हणतात, नाटकं करू नकोस.”

हे शेवटचं वाक्य मीसुद्धा विद्यार्थिनींना ऐकवलेलं आहे. एकदा नाही, अनेकदा. त्या रात्री मला झोप लागली नाही. नाकाखाली घेतलेला मास्क म्हणजे मास्क नाहीच, आणि टीबीच्या वॉर्डात त्याची किंमत काय असते ते मी सहकारी मैत्रिणीच्या आजारपणात पाहिलंय. मुलगी नाटक करत नव्हती. तिला खरोखर काहीतरी होत होतं आणि ते काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून रविवारी घरीच बसून पाहिलं. बोटाला ऑक्सिमीटर, एकेक मास्क तासभर, त्यात केर-फरशी आणि जिन्याच्या दहा चढउतारी. ऑक्सिजन कुठल्याच मास्कात ९७च्या खाली आला नाही. जिना चढल्यावर नाडी मात्र एन९५ घालून थोडी जास्त लागायची आणि खाली यायला वेळ घ्यायची. हा काही अभ्यास नव्हे, एका बाईचा एक रविवार आहे. पण आकडे ठीक असताना मला बरं वाटत नव्हतं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

कापडी मास्क, २०२०मध्ये बचत गटाकडून घेतलेला, तीन पदरी. पहिली दहा मिनिटं सगळ्यात मऊ. मग वाफेने ओला होतो, आणि श्वास आत घेतला की ओठांना चिकटतो. तासाभराने सगळ्यात जास्त कोंडल्यासारखं मला याच्यात झालं, एन९५मध्ये नाही. याचं मलाच नवल वाटलं.

सर्जिकल हलका, गालाला गार. पण गालाजवळ तळहात धरून पाहा. श्वास सगळा मास्कमधून जात नाही, बराचसा बाजूच्या फटीतून जातो. त्याचा अर्धा आराम हा त्या फटीचा आराम आहे.

एन९५ मी तीन आकारांचे घातले. वाटीसारखा टणक, मधोमध घडी पडणारा चपटा आणि बदकाच्या चोचीसारखा. फिल्टर सगळ्यांचा सारख्याच दर्जाचा, पण सुसह्यतेत जमीन-अस्मानाचा फरक. चोचीचा मास्क ओठांपासून लांब राहतो, बोलताना तोंडात येत नाही. वाटीचा नाकावर रुततो. चपटा कानात अडकवायचा होता, तो अर्ध्या तासात कान कापायला लागला.

तुमचे अनुभव लिहा. आणि कुणी जाणकार असेल तर सांगा: ऑक्सिजन उतरत नाही, मग गुदमरतं कशाने?

पिंपळपान

चंद्रभागाताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. प्रश्न अगदी मर्मावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिली हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिली नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. या जागेला आम्ही मृत अवकाश म्हणतो. मास्क घातला की त्याच्या आतली पोकळी या जागेत मिळते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, उच्छ्वासात ४ ते ५ टक्के. म्हणजे पुढच्या श्वासाचा पहिला घोट हा थोडा शिळ्या हवेचा असतो, आणि त्यामागून ताजी हवा येते. शरीर काय करतं? श्वास किंचित खोल घेतं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर मेंदूची नजर ऑक्सिजनपेक्षा कितीतरी बारीक असते, त्यामुळे आकडा जागेवर राहतो, पण तो जागेवर ठेवण्याचं काम आपल्याला जाणवतं.

२०१०मध्ये अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेतल्या रोबर्ज आणि सहकाऱ्यांनी दहा आरोग्य कर्मचाऱ्यांना एन९५ घालून तासभर ट्रेडमिलवर सावकाश चालवलं. मास्कच्या पोकळीतली हवा कामाच्या जागेच्या हवेसाठी ठरवलेल्या निकषात बसत नव्हती, हे त्यांनी नोंदवलंय. तरी नाडी, श्वासाची गती आणि रक्तातला ऑक्सिजन यांत लक्षणीय फरक पडला नाही. मास्कच्या विरोधात बोलणारे पहिलं वाक्य सांगतात, बाजूने बोलणारे दुसरं. दोन्ही एकाच निबंधातली आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

दुसरी गोष्ट हवेला होणारा अडथळा. नायोशच्या नियमानुसार मिनिटाला ८५ लिटर हवा ओढताना एन९५चा अडथळा पाण्याच्या ३५ मिलिमीटर स्तंभाच्या वर जाता कामा नये. चांगल्या मास्कचा याहून बराच कमी असतो. ८५ लिटर म्हणजे जोराच्या कामातला श्वास, बसल्या जागी आपण ६ ते ८ लिटरच घेतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. तुम्ही वॉर्डात पाहिलं असेल, धाप लागलेल्या रुग्णाच्या तोंडावर पंखा धरला की त्याला बरं वाटतं. ऑक्सिजन काही वाढलेला नसतो. गालावर, नाकाशी गार वारा लागला की चेहऱ्याच्या नसेतून मेंदूला ‘हवा येतेय’ असा निरोप जातो. मास्क नेमका हाच निरोप बंद करतो. आत उच्छ्वासाची गरम, ओली हवा कोंडलेली, आणि चेहरा तर शरीराचा सर्वात हळवा भाग. भाचीला म्हणावं, तुला गुदमरतं ते खरं आहे, फक्त त्याची सुरुवात फुप्फुसात नाही, गालावर होते.

२००५मध्ये हाँगकाँगला पाच पुरुष आणि पाच स्त्रियांवर असाच प्रयोग झाला होता, सार्सनंतर. खोलीत २५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. एन९५ घातल्यावर सर्जिकलपेक्षा नाडी जास्त, आतलं तापमान आणि ओलावा जास्त, आणि त्रासही जास्त नोंदवला गेला. आपल्याकडच्या मे महिन्यात तो किती होत असेल याचा अंदाज करा.

नागपूरकर_४६

अंदाज कशाला, मी सांगतो. मी फिल्डवर मीटर रीडिंग करतो. मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात बाहेरची हवाच ४५ अंश. आपल्या श्वासापेक्षा गरम! मग मास्कच्या आत-बाहेर सारखीच भट्टी. कॉलनीत धूळ फार म्हणून एन९५ घेतला होता, एका गल्लीत घामाने भिजला आणि दुसऱ्या गल्लीत काढला. आता दुपट्टाच बांधतो भाऊ, ओला करून. धूळ किती थांबते माहीत नाही, पण उन्हापासून जीव वाचतो.

पिंपळपान

नागपूरकर, ओल्या दुपट्ट्याने उन्हाचा त्रास नक्की कमी होतो, पाणी उडताना चेहरा गार करतं. पण बारीक धूळ त्यातून आरपार जाते. सकाळच्या फेरीला मास्क, दुपारी दुपट्टा अशी वाटणी करता येईल का पाहा. आणि ओला झालेला मास्क पुढे रेटू नका. पाण्याने छिद्रं भरली की श्वासाला जोर लागतो आणि हवा मग कडेने वाट काढते.

गिरणीकर

राम राम. बार्शीकडे आमची पिठाची गिरणी आहे, वडिलांपासून. वडील शेवटची दहा वर्षं खोकत होते. डॉक्टरांनी पिठाचा दमा सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी आणि आमचा गडी दोघंही मास्क लावतो, पण तो पोरगा सारखा काढतो. दोन प्रश्न आहेत. एक, झडपेचा मास्क सोपा जातो, पण २०२०च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून झडपेचे मास्क वापरू नका सांगितलं होतं ना? दुसरं, आम्ही मास्क साबणाने धुऊन वाळवतो. धुतला की श्वास घ्यायला हलका होतो, चार-पाच वेळा चालतो. बरोबर करतोय का?

चंद्रभागा

गिरणीकर दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

झडपेचं आधी. ते पत्र साथीपुरतं होतं. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणजे घालणाऱ्यालाच आजार असेल तर समोरच्याला धोका. गिरणीत तुम्हाला बाहेरचं पीठ आत येऊ द्यायचं नाही, आतला श्वास बाहेर गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथे झडपेचाच घ्या. श्वास सोडताना झडप उघडते, गरम वाफ निघून जाते, मास्क उशिरा ओला होतो. पोरगा काढतो त्याचं निम्मं कारण तिथेच संपेल.

धुण्याचं मात्र ताबडतोब थांबवा. पिंपळपान सर, याचं कारण तुम्ही नीट सांगाल.

पिंपळपान

सांगतो, कारण इथेच सुसह्यतेचं सगळं रहस्य आहे. मास्क ही चाळणी असती तर ०.३ मायक्रॉनचा कण अडवायला छिद्रं इतकी बारीक करावी लागली असती की श्वासच घेता आला नसता. म्हणून मधल्या पॉलिप्रोपिलीनच्या थरातल्या तंतूंना विजेचा भार दिलेला असतो. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम केलेले पीटर त्साय यांचं या भार देण्याच्या पद्धतीत मोठं काम आहे. तंतू विरळ ठेवायचे, म्हणजे हवा सहज जाते, आणि कण भाराने ओढून धरायचे. चंद्रभागाताईंना कापडी मास्कात जास्त कोंडलं आणि एन९५मध्ये कमी, त्यात नवल नाही. दाट विणीचे तीन सुती पदर हवेला जास्त अडवतात आणि कणांना कमी.

साबणाने किंवा स्पिरिटने तो भार जातो. मास्क दिसायला तसाच, श्वासही सोपा, पण बारीक कण अडवायची ताकद गेलेली. धुतल्यावर हलका वाटतो तो पीठ निघून गेल्यामुळे, पण पिठाबरोबर भारही गेला. मास्क जड वाटायला लागला की तो भरला असं समजायचं आणि नवा घ्यायचा. घेताना आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि एफएफपी२ (हा दर्जा एन९५च्या जवळपासचा) हे छापलेलं पाहा.

इसारकाठी

मी म्युनिकला असते. बव्हेरियात १८ जानेवारी २०२१ पासून दुकानांत आणि बस-ट्रेनमध्ये एफएफपी२ सक्तीचा झाला होता. इथली एक गोष्ट मला फार आवडली. कामगारांच्या अपघात विम्याची जी नियमावली आहे, तिच्यात मास्क किती वेळ घालायचा ते लिहिलेलं आहे. झडप नसलेला एफएफपी सलग ७५ मिनिटं, मग ३० मिनिटं मास्कविना. झडपेचा असेल तर १२० मिनिटं. त्या अर्ध्या तासात माणूस रिकामा बसत नाही, मास्क न लागणारं काम करतो.

म्हणजे त्रास होतो हे गृहीत धरूनच नियम केलेला. माझी बहीण पुण्यात आयसीयूमध्ये होती, सहा तास पाणीसुद्धा प्यायली नाही, आणि डोकं दुखतं म्हटलं तर सवय होईल म्हणाले. भाचीच्या रुग्णालयात असा विसाव्याचा वेळ मिळतो का?

रानवारा

मला थोडं विरोधात लिहायचंय, रागावू नका. माझे बाबा सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याच्या जुनाट आजाराचे, रुग्ण आहेत. बँकेत एन९५ घालून रांगेत उभे होते, पंधरा मिनिटांत ओठ निळसर झाले. घरी आणून पाहिलं तर ऑक्सिजन ८६. तेव्हापासून मी कुणी ‘मास्कने काही होत नाही’ म्हटलं की अस्वस्थ होते. निरोगी लोकांवरचे प्रयोग आजारी माणसाला का लावता?

पिंपळपान

रानवारा, राग कसला, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी वर जे लिहिलं ते निरोगी फुप्फुसाबद्दल होतं, हे तिथेच लिहायला हवं होतं. कोरियात २०२०मध्ये सीओपीडीच्या ९७ रुग्णांवर एन९५ची चाचणी झाली. त्यातल्या सात जणांना ती पूर्णच करता आली नाही. आधीपासून चार पावलांत धाप लागणारे किंवा फुप्फुसाची ताकद तीस टक्क्यांच्या खाली गेलेले रुग्ण त्यात जास्त होते. अशा माणसाचे श्वासाचे स्नायू आधीच थकलेले असतात, थोडा खोल श्वास घेऊन भरपाई करायला त्यांच्याकडे शिल्लकच नसते. बाबांसाठी गर्दीच्या वेळा टाळणं, बाकीच्यांनी मास्क लावणं आणि त्यांना स्वतःला सर्जिकल, तोही थोडाच वेळ, हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ऑक्सिमीटर खिशात असू द्या.

धावपटू_कोथरूड

व्यायामाबद्दल दोन उलटसुलट बातम्या वाचल्या होत्या. एकात मास्कने दम कमी होतो, दुसऱ्यात काही फरक नाही. खरं काय?

पिंपळपान

दोन्ही २०२०चे प्रयोग असावेत. जर्मनीत लाइपझिगला बारा निरोगी पुरुषांना सायकलवर पूर्ण थकेपर्यंत चालवलं, तेव्हा एफएफपी२ने ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी उतरली. कॅनडात सस्कॅचेवानला चौदा जणांनी कापडी आणि सर्जिकल मास्क घालून तसंच केलं, फरक आढळला नाही. मास्कच वेगळे होते. शिवाय लाइपझिगला मोजमापाचा रबरी मुखवटा एफएफपी२च्या वरून बसवला होता, म्हणजे कडेच्या फटी दाबल्या गेल्या. जोराने धावताना एफएफपी२ नको. चालताना निरोगी माणसाला अडचण नाही.

छिन्नीहातोडा

आमचा मूर्तिकामाचा व्यवसाय, काळा पाषाण आणि ग्रॅनाइट. ग्राइंडरची धूळ सिलिकाची, छातीत गेली की बाहेर येत नाही. कागदी मास्क सगळे वापरून झाले. गेली दोन वर्षं रबराचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क लावतो, दोन बाजूंना फिल्टर, पुढे झडप. पहिल्या दिवशी वजन जाणवलं, मान आखडली. पण खरं सांगतो, श्वासाला हा सगळ्यात मोकळा आहे. दोन फिल्टर मिळून जागा मोठी, त्यामुळे ओढ कमी. पट्टा डोक्यामागून जातो, कानाला त्रास नाही. रबराखाली घाम मात्र साचतो, दर तासाला पुसावा लागतो. आणि दाढी ठेवता येत नाही. मी पंचवीस वर्षांची दाढी काढली. बोललेलं समोरच्याला कळत नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या आहेत.

मास्कच्या आधी पाणी. दगडावर पाण्याची धार धरली की धूळ उडतच नाही.

खडूफळा

मी शिक्षिका. आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मास्क घालून पाच तास शिकवलं की संध्याकाळी घसा बसायचा. मुलांना ऐकू जात नाही म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडताना मोठमोठे श्वास घेतो, मग मास्क आणखी जड. माइक घेतला तेव्हा घशाबरोबर धापही कमी झाली.

चंद्रभागा

सगळ्यांचे आभार. आठ दिवस उशिरा लिहितेय, कारण मध्ये भाचीकडे जाऊन आले.

तिच्या रुग्णालयात एकाच मापाचा वाटीचा मास्क सगळ्यांना देतात. तिचा चेहरा लहान, नाक बसकं. वरून फट राहायची म्हणून ती नाकाची पट्टी दाबून दाबून घट्ट करायची, त्याचे ते वळ. तिथल्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर चांगल्या निघाल्या. सॅकरीनची चाचणी लावली: डोक्यावर टोपडं घालून आत गोड फवारा सोडतात, मान हलवायची, बोलायचं, वाकायचं. तोंडात गोड लागलं तर मास्क गळतोय. वाटीच्या मास्कात पोरीला दुसऱ्याच फवाऱ्याला गोड लागलं! म्हणजे इतका जाच सोसूनही संरक्षण नव्हतंच. चोचीच्या लहान मापात मात्र शेवटपर्यंत काही लागलं नाही.

डोकेदुखीचं इसारकाठीताईंनी लिहिलं ते दाखवलं तिला. सिंगापूरला २०२०मध्ये १५८ आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं, तेव्हा १२८ जणांनी मास्क-गॉगल लावायला लागल्यावर नव्याने डोकं दुखायला लागल्याचं सांगितलं होतं. हा आकडा तिने सिनिअरना दाखवला. विसाव्याची लेखी पाळी नाही मिळाली, पण दर दीड तासाने एकीने दुसरीचे रुग्ण पाहायचे आणि पहिलीने बाहेर मोकळ्या हवेत जाऊन पाणी पिऊन यायचं, असं तिघींनी आपसात ठरवलंय. नाकावर वळ आहे तिथे पातळ ड्रेसिंगची पट्टी लावायची ठरली, पण पट्टीसकट गोड फवाऱ्याची चाचणी पुन्हा करूनच.

काल रात्री तिचा फोन आला. डोकं दुखलं, पण ड्युटी संपताना, आणि मास्क नाकावरच होता म्हणाली.

गिरणीकर दादा, झडपेचे आणले का? तुमचा पोरगा काय म्हणतो?

गिरणीकर

आणले ताई, दोन डझन. दुपारच्या जेवणापर्यंत काढत नाही आता. त्याच्या मिशा जरा आड येतात, त्या बारीक करायला तयार झालाय. धुतलेले सगळे चुलीत घातले.